पन्नास मीटर

पालिकेचं पत्र आलं, ते मी पोस्टमनलाच वाचायला लावलं.
चष्मा डोळ्यांवरच होता,
पण असली पत्रं दुसऱ्याच्या तोंडून सोसतात.
घराभोवती पन्नास मीटर, एप्रिल संपायच्या आत, नाहीतर दंड.
पन्नास मीटर म्हणजे कुठवर रे?
तो म्हणाला, देओलिंदाबाई, तुमची नजर अडते
त्याच्याही बरंच पलीकडे.

नजर तर खिडकीतच अडत होती.
ब्लॅकबेरीचे काटे आधी कोंबड्यांच्या खुराड्यावर चढले,
मग ऑलिव्हच्या तीन झाडांवर,
मग चौथं झाड होतं की नव्हतं, हेच आठवेना.

माझ्या लहानपणी झुडपांवरून भांडणं व्हायची.
पावाच्या भट्टीला जळण हवं, गोठ्यात अंथरायला पाला हवा,
डोंगर असा खरवडलेला असायचा
की ससा लपायला जागा नाही.
आणि आता तेच झुडूप काढायला
कोइंब्राकडून तेल्मु नावाचा पोरगा येतो,
हातातल्या फोनवर माझी जमीन मोजतो
आणि सांगतो, हेक्टरी साडेआठशे युरो, उताराचे वेगळे.
उतार मी केलेला नाही, मी म्हटलं.
तो हसला. दर मात्र हसला नाही.

चौघं आले. डोक्याला शिरस्त्राण, तोंडावर जाळी,
कमरेला पट्ट्यांनी बांधलेली यंत्रं;
अंगणातून युद्धावर निघाल्यासारखे गेले.
त्यातला खिमलाल नेपाळचा.
दुपारी सूप पिताना मोडक्या पोर्तुगीजमध्ये म्हणाला,
आमच्याकडेही पायरीपायरीची शेतं झाडोऱ्यानं भरलीत,
तोडायला माणूस नाही.
तोडणारा माझ्या पायरीवर बसून पाव बुडवत होता.
मी त्याला आणखी एक पळी वाढली.
दुसरं काय बोलणार?

तिसऱ्या दिवशी यंत्र खणकन वाजलं आणि थांबलं.
दगड. वर फुली कोरलेली.

या दगडापायी माझा अबिलियु एकतीस वर्षं कोर्टात गेला.
दगड इथे, असं आम्ही म्हणायचो,
दगड तिथे, असं झेफेरिनु म्हणायचा,
मधली जागा चार पावलं, तीही खडकाळ.
वकिलानं त्यावर समुद्राकाठी घर बांधलं.
आता दगड निघाला तो आमच्याही जागी नाही, त्याच्याही नाही.
खालच्या अंगाला, आडवा, गोगलगायींनी लडबडलेला.
अबिलियु स्मशानात आहे. झेफेरिनुही तिथेच, दोन ओळी सोडून.
त्याची पोरं लियोंला, पत्राला उत्तर देत नाहीत.

तेल्मुनं विचारलं, इथून पुढे दुसऱ्याचं आहे ना?
मी म्हटलं, काप. बिलात घाल.

संध्याकाळी भांडी घासताना मान वर केली
तर समोर झेफेरिनुच्या स्वयंपाकघराची खिडकी.
चाळीस पावलं असतील. तुटकी काच, आतला निळा डबा दिसतो.
खरं सांगते, तेल्मुला नाही सांगितलं:
ती झाडी आपोआप माजली नव्हती.
निकाल लागला त्या वर्षापासून
मी शेळ्या त्या बाजूला नेल्याच नाहीत.
बघता बघता खिडकी बुजली, आणि मला बरं वाटलं.
त्याच्या शेळ्याही इकडे यायच्या बंद झाल्या होत्या.
हे आजवर ध्यानात आलं नव्हतं.

मुळं जिवंत आहेत, तेल्मु बिल देताना म्हणाला,
पावसाळा गेला की पुन्हा फुटतील.
तीन वर्षांचा करार केलात तर दहा टक्के सूट.
मला अठ्ठ्याहत्तर चालू आहे.
सही केली. एखादं वर्ष जास्तीचं झालं तर झालं.

जाताना खिमलालनं दगडाकडे हात केला.
उभा करू का, आणि कुठे?
असू दे तिथेच, मी म्हटलं.
फक्त उभा करू नकोस.